सीटी ३१ म्हणजे काय रे भाऊ?

एप्रिल २०२१. काकांचा आरटी-पीसीआर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. खाली लिहिलेलं : सीटी ३१. "तिशीच्या वर म्हणजे माइल्ड!" हे व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचं वाचून झालेलं, त्यामुळे घर निर्धास्त. मी तेव्हा शाळेत होतो, मीही निर्धास्त. चौथ्या दिवशी काकांचा ऑक्सिजन ८८ वर आला आणि बेडसाठी धावाधाव सुरू झाली. काका बरे झाले, पण माझ्या डोक्यात तो ३१ अडकला तो अडकलाच.

मित्रहो, पीसीआर म्हणजे डीएनएचं झेरॉक्स मशीन. साधारण ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५५-६० वर आणलं की प्रायमर आपापली जागा पकडतात आणि एन्झाइम नवा धागा विणतं. एका सायकलमध्ये एकाचे दोन. ३० सायकलींत, निदान कागदावर तरी, शंभर कोटींच्या वर! कॅरी मुलिसला ही युक्ती १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये नोबेल मिळालं. कोरोनाचा विषाणू आरएनएवाला, म्हणून आधी त्याचा डीएनए करून घ्यायचा. मशीनमधला प्रकाश ठरावीक पातळी कितव्या सायकलला ओलांडतो, तो सीटी. मूळ माल जास्त, तर सीटी कमी.

पण माल कुठला? नाकात घातलेल्या काडीवरचा! काडी कशी फिरवली, कितव्या दिवशी घेतली, किट कोणतं, यावर आकडा बदलतो. फुफ्फुसात काय चाललंय ते काडीला काय ठाऊक? आयसीएमआरने ३५ ही रेषा सांगितली, ती पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवायला. आजार किती गंभीर ते ठरवायला नव्हे.

लॅबमध्ये आपण मल्टिमीटरचं रीडिंग लिहिलं, की सर पहिला प्रश्न विचारतात, "प्रोब कुठे लावला होता?" रिपोर्ट हातात आल्यावर हाच प्रश्न आपल्याला का सुचत नाही?

माझं म्हणणं एवढंच. सीटी छापायचाच असेल, तर शेजारी ठळक मराठीत छापा : 'हा आकडा आजाराची तीव्रता सांगत नाही. त्रास वाढला तर डॉक्टरांना गाठा.' शाई कितीशी लागेल? आणि तोवर हे घरी समजावून सांगायचं काम आपलं. चार वर्षं फी भरून रीडिंग घ्यायला शिकतोय, ते फक्त जर्नल भरायला नाही ना?