उद्घाटनानंतरची पाच वर्षं

सुट्टीत ग्वाटेमालात पाणीयोजना करायला किंवा निकाराग्वात झुलता पूल टाकायला निघालेल्या अमेरिकी अभियांत्रिकी विद्यार्थ्यांवर टीका करणं हल्ली सोपं झालं आहे. विमानाच्या तिकिटांवर जातो त्या पैशात तिथल्या गवंड्यांना काम मिळालं असतं. शिकाऊ पोरांनी गरिबांच्या जिवावर हात बसवून घेऊ नये. आणि ही सेवा शेवटी नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढवण्यासाठीच. या मताला मोठ्या नावाचा आधारही आहे. 1968 साली मेक्सिकोत इव्हान इलिच यांनी अमेरिकी स्वयंसेवक विद्यार्थ्यांच्याच परिषदेत त्यांना सुनावलं होतं, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका.

पहिला आक्षेप अर्धाच खरा. विटा रचायला आणि सिमेंट कालवायला कुणी समुद्र ओलांडून जाऊ नये. गावचा गवंडी ते काम कैक पटींनी चांगलं करतो. पण पुराचं पाणी कुठवर चढलं होतं हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लेव्हल घेणं, दोन्ही काठांची माती तपासणं, तारेवरचा ताण काढणं ही कामं बाकी उरतात, आणि आडवळणाच्या वस्तीसाठी ती करायला सरकारी खातं सहसा फिरकत नाही.

दुसरा आक्षेप शिकाऊपणाचा. शिकाऊ डॉक्टर रुग्णाला हात लावतो तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली. इथेही कसोटी तीच हवी. प्राध्यापक बर्नार्ड अमादेई 2001 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन बेलीझमधल्या सान पाब्लो गावी गेले आणि धबधब्याच्या जोरावर चालणारी पाणीयोजना त्यांनी उभी केली. त्यातून निघालेल्या ‘इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स’च्या अमेरिकी संस्थेत विद्यार्थ्यांच्या आराखड्याची जबाबदारी अनुभवी अभियंत्याकडे असते. जिथे अशी जबाबदारी कुणीच घेत नाही, तिथे आक्षेप बिनतोड आहे.

राहिला हेतूचा प्रश्न. निकाराग्वातल्या पायपुलांचा अभ्यास वायट ब्रूक्स आणि केव्हिन डोनोव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. पूल नसताना पूर आला की मजुरीचं उत्पन्न 18 टक्क्यांनी घटत होतं; पूल झाला आणि ही घट थांबली. पलीकडे कामाला जाणाऱ्या मजुराला पूल बांधणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी काय देणंघेणं? इलिच यांचा इशारा अहंकाराला लागू पडतो, पुलाला नाही.

मात्र टीकाकारांपेक्षा समर्थकांचंच एक वाक्य मला जास्त खटकतं: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. बरं कसं? ‘प्लेपंप’ आठवा. मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी आपोआप वर येईल, या कल्पनेचा 2006 मध्ये अमेरिकेत केवढा गाजावाजा झाला! आफ्रिकेतल्या गावांत मुलं खेळून दमल्यावर बायकांनाच ते चक्र ओढावं लागलं, आणि बिघडलं की दुरुस्तीला कुणी मिळेना. त्याच सुमाराच्या अंदाजानुसार सहारापलीकडच्या आफ्रिकेत दर तीन हातपंपांमागे साधारण एक बंद होता.

याची उलट बाजू आपल्या सोलापूर-जालन्यात दिसते. आपल्याकडे आधी जे ओतीव लोखंडी हापसे बसवले गेले, त्यांचे मूळ नमुने परदेशातल्या एकेका शेतकरी कुटुंबापुरते होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसायला लागल्यावर ते टिकणार कसे? तेव्हा मिशनच्या विंधन विहिरींवर काम करणाऱ्या मंडळींनी पोलादी हापसा घडवला. त्याची मूठ एकाच खिळीवर फिरते आणि साखळीने दांड्याला जोडलेली असते, त्यामुळे दांडा सरळ वरखाली होतो. ‘सोलापूर पंप’ हाच पुढे ‘इंडिया मार्क टू’चा पाया ठरला आणि तो आफ्रिकेतही गेला. तरीही त्याचा झिजलेला वॉशर बदलायला खालचे सगळे पाइप उपसावे लागत. म्हणून ‘मार्क थ्री’त दट्ट्या पाइप न काढता वरूनच ओढून घेता येईल अशी सोय झाली. दर वेळी आराखडा सुधारला तो दुरुस्तीतून.

विद्यार्थ्यांनी म्हणूनच जावं, पण बांधून परतण्यासाठी नव्हे. झुलत्या पुलाच्या तारेची टोकं ज्या क्लिपांनी आवळतात, त्यांचे नट भार आल्यावर सैल पडतात आणि पुन्हा आवळावे लागतात. उद्घाटनाच्या फोटोत ही गोष्ट दिसत नाही. पाना कुणाच्या घरी ठेवलाय, नट कोण आवळतो, फळी बदलायचे पैसे कोणत्या पेटीतून येतात, हे ज्या प्रकल्पाला ठाऊक नाही त्याने पूल बांधूच नये. गावाशी निदान पाच वर्षांचा करार करायचा ही अमादेईंच्या संस्थेची रीत मला म्हणूनच बिनमहत्त्वाची कारकुनी वाटत नाही. विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेऊन जातो. तेव्हा नकाशे, हिशेब, गावाशी झालेली बोलणी पुढच्या तुकडीच्या हाती नीट सोपवणं हाही अभियांत्रिकीचाच भाग आहे.

तेव्हा विद्यापीठांनी गुण द्यायची पद्धत बदलावी. बांधकामाला निम्मे गुण. उरलेले निम्मे पाचव्या पावसाळ्यानंतर, गावच्या समितीने दुरुस्ती स्वतः केली की नाही हे पाहून, त्या वेळी काम सांभाळणाऱ्या तुकडीला द्यावेत. या अटीवरही जे विद्यार्थी नाव नोंदवतील, त्यांच्या तिकिटाचे पैसे वाया गेले असं म्हणायची हिंमत कुणाही टीकाकाराला होणार नाही.