सबटायटल कुणी लिहिलं?

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आई आणि मी 'द ग्रेट इंडियन किचन' पाहत होतो. जियो बेबी यांचा हा मल्याळम चित्रपट २०२१च्या जानेवारीत आला तेव्हाच मी पाहिला होता. आई पहिल्यांदा पाहत होती. ती रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. इंग्रजी मात्र अक्षर अक्षर लावत वाचते, आणि तेवढ्यात पडद्यावरची ओळ निघून गेलेली असते. सबटायटलच्या यादीत मराठी नव्हती. मग मी शेजारी बसून सांगत गेले.

स्वयंपाकघर तिला सांगावं लागलं नाही. चिरणं, वाटणं, पुरुषांची जेवणं झाल्यावरचं उष्टं टेबल, सिंकखालचा गळका पाइप आणि प्लंबरला बोलवायला रोज विसरणारा नवरा, हे सगळं तिला माझ्याआधी कळत होतं. पण सासरा बोलू लागला की ती विचारायची, "काय म्हणाला?" हा सासरा कधी आवाज चढवत नाही. भात कुकरमध्ये नको, चुलीवर कर. माझे कपडे मशिनमध्ये टाकू नकोस. सगळं शांतपणे, सुनेला 'मोळे' म्हणत. शब्दशः पाहिलं तर 'मोळे' म्हणजे 'मुली'. मी आईला सांगितलं, "बाळ, भात चुलीवर करत जा, असं म्हणतोय." आई म्हणाली, "अस्सं. गोड बोलून."

चित्रपटातला सगळा जाच तिने या दोन शब्दांत पकडला. तो तिला पकडता आला, कारण 'मोळे'ला मराठीत जागा होती. आपल्याकडचे सासरेही असंच 'बाळ' म्हणत कामं सांगतात. या चित्रपटातल्या नवराबायकोला नावंच दिलेली नाहीत. माणसं एकमेकांना हाका मारतात त्या नात्याने. म्हणजे नात्याची हाक गेली की चित्रपटाची अर्धी संहिता गेली. इंग्रजीत सासऱ्याने सुनेला मारायची अशी हाकच नाही. तो इंग्रजीचा दोष नव्हे. दोष आहे तो केरळमधल्या स्वयंपाकघरातून महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात यायला इंग्रजीचा वळसा घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेचा. आणि आपण, अनुवादाबद्दल परिसंवाद भरवणारे लोक, त्याबद्दल काही बोलत नाही, हा दुसरा दोष.

घरात बसून देशभरातले चित्रपट पाहता येऊ लागल्यापासून 'भाषेच्या भिंती पडल्या' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते तपासून पाहायचं राहून गेलं. मी तपासते तेव्हा मला दोनच दारं उघडी दिसतात : एक इंग्रजी सबटायटलचं आणि दुसरं हिंदी डबिंगचं. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे. बंगाली, कन्नड, असमिया, मल्याळम. खाली पट्टी इंग्रजीची. मोठ्यांपैकी कुणाला तरी थोडंफार इंग्रजी यायचं, तो बाकीच्यांना गोष्ट सांगायचा. तीस-पस्तीस वर्षांनी टीव्ही भिंतीवर गेला, चित्रपट हजारोंनी वाढले, आणि आमच्या घरात गोष्ट सांगायला माणूस लागतो तो लागतोच.

हिंदीच्या दाराचीही गंमत पाहा. राजामौली यांचा 'आरआरआर' तेलुगू. २०२२च्या मे महिन्यात तो नेटफ्लिक्सवर आला आणि जगभर गाजला. पण तिथे आला तो हिंदी डबिंगमध्ये. मूळ तेलुगू दुसऱ्या मंचावर होता. म्हणजे परदेशातल्या असंख्य प्रेक्षकांनी ज्या तेलुगू चित्रपटावर जीव टाकला, तो त्यांनी तेलुगूत ऐकलाच नाही. पुढच्या वर्षी त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं तेव्हा तेलुगूचं कौतुक झालं, ते योग्यच झालं. पण तेलुगू आवाज बाजूला ठेवून तेलुगू चित्रपट जगाला दाखवता येतो, हेही त्याच वर्षात सिद्ध झालं.

'जय भीम'चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या तमिळ चित्रपटात प्रकाश राज यांनी साकारलेला पोलीस अधिकारी हिंदीत बोलणाऱ्या सावकाराला थोबाडीत देतो आणि तमिळमध्ये बोल म्हणतो. हिंदी आवृत्तीत तोच अधिकारी त्याला खरं बोल म्हणून सांगतो. त्या थोबाडीवरून बराच वाद झाला : हा हिंदीचा अपमान की तपास चुकवायला भाषेआड लपणाऱ्या माणसाला दिलेलं उत्तर? पण मला पडलेला प्रश्न त्या वादात फारसा कुणी विचारलेला दिसला नाही. हा बदल करायचं कुणी ठरवलं? तो अनुवादाचा निर्णय होता. चांगला की वाईट यावर भांडता येईल, पण भांडायचं कुणाशी? थोबाडीत तीच, कारण मात्र वेगळं. दोन भाषांतल्या प्रेक्षकांनी दोन वेगळी दृश्यं पाहिली, आणि ती वेगळी करणाऱ्याचा आपल्याला पत्ता नाही. एखाद्या कादंबरीच्या अनुवादकाने असं केलं असतं तर आपण लेख लिहिले असते.

मराठीची यातली अडचण खास आहे. 'पॅन-इंडिया' म्हणून जे चित्रपट येतात ते साधारणपणे पाच भाषांत येतात : तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम आणि हिंदी. मराठी, बंगाली, गुजराती, ओडिया, असमिया यांना त्या अखिल भारतात बहुधा स्वतंत्र खुर्ची नसते. त्यातही मराठीबद्दल 'मराठी माणसाला हिंदी येतंच' हे वाक्य इतकं सहज म्हटलं जातं की आपणही मान डोलावतो. लिपी एक, शाळेत हिंदी शिकलेली, गाणी पाठ; मग वेगळी मराठी कशाला? म्हणजे शेजारणीची भाषा आपल्याला येते, याची शिक्षा आपल्याच भाषेला. आईला हिंदी कळतं. पण हिंदी डबिंगमधली सून तिला मालिकेतली सून वाटते, आणि मल्याळम आवाज बंद झाला की ती म्हणते, "हे आता त्यांचं राहिलं नाही."

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, सबटायटलची बंधनं. दोनच ओळी, ओळीत ठरावीक अक्षरं, वाचायला काही सेकंद. बंधनं खरी आहेत. पण ती असूनही काम होतं. 'पॅरासाइट'ची इंग्रजी सबटायटलं सेऊलमध्ये राहणाऱ्या डार्सी पॅकेट यांनी केली. दोन प्रकारचे इन्स्टंट नूडल्स एकत्र करून केलेला 'चापागुरी' हा कोरियन पदार्थ परक्याला कळणार नाही, म्हणून त्यांनी रामेन आणि उडोन जोडून 'रामडॉन' असा शब्द घडवला. तो पटो न पटो, तो कुणी आणि का घडवला हे आपल्याला ठाऊक आहे. बोंग जून-हो यांनी २०२०च्या गोल्डन ग्लोब समारंभात सबटायटलच्या एक इंच उंचीच्या अडथळ्याबद्दल सांगितलं, ते आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून ऐकलं. तो इंच लिहिणारा माणूस असतो, एवढं मात्र विसरलो.

दुसरं उत्तर, अर्थ पोचला की झालं. स्पेनमध्ये 'रोमा'ला असाच न्याय लावला गेला होता. अल्फोन्सो क्वारोनच्या या चित्रपटातली मेक्सिकोची स्पॅनिश स्पेनच्या प्रेक्षकांना कळायला हवी, म्हणून तिच्याखाली स्पेनच्या वळणाची स्पॅनिश सबटायटलं आली. पात्र 'मामा' म्हणत असताना खाली 'माद्रे'. क्वारोन भडकला आणि २०१९च्या जानेवारीत ती काढावी लागली. याच चित्रपटाच्या इंग्रजी सबटायटलांत मिश्तेक भाषेतले संवाद कंसात दाखवले होते, म्हणजे मोलकरीण मालकांशी कुठल्या भाषेत बोलते आणि मैत्रिणीशी कुठल्या, हे वाचणाऱ्याला दिसत होतं. एका साध्या कंसाचं काम.

आता आपला 'कोर्ट' आठवा. चैतन्य ताम्हाणेच्या त्या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी चारही भाषा आहेत. सरकारी वकील बाई कायद्याची कलमं इंग्रजीत एका सुरात वाचत राहतात आणि घरी जाऊन मराठीत संसार करतात. बचावाचा वकील घरी गुजराती. कोण केव्हा कुठल्या भाषेत शिरतं, हाच तिथला न्याय आणि हाच अन्याय. सगळ्यांखाली एकाच पांढऱ्या अक्षरात एकसारखी इंग्रजी लावली, की भाषांमधली ही उतरंड प्रेक्षकाला दिसणार कशी?

तिसरं उत्तर मी स्वतः एकदा दिलं आहे, म्हणून ते मला चांगलं माहीत आहे : "काम आलंय, कुणीतरी करणारच." काही वर्षांपूर्वी एका तमिळ चित्रपटाची मराठी सबटायटलं करायचं काम आलं. मला तमिळ येत नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती. वेळा लावून ठेवलेली इंग्रजी फाइल आली, तिच्यावरून मराठी करायची. या धंद्यात हे सर्रास चालतं. फाइलमध्ये 'ब्रदर' होतं. मी 'दादा' लिहिलं. 'यू' होतं; चेहरे पाहून कुठे 'तू', कुठे 'तुम्ही' ठेवलं. पुढे एका तमिळभाषक मैत्रिणीने तो चित्रपट पाहिला आणि विचारलं, "हा 'दादा' कुठून आला? तो तिच्या भावाचा मेहुणा आहे." लग्नातल्या देण्याघेण्याचं भांडण मी भावाभावांचं करून टाकलं होतं. शेवटच्या नामावलीत माझं नाव नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं. नाव नसलं की लाजही वाटून घ्यावी लागत नाही. निनावीपणाची सगळ्यात मोठी सोय हीच.

साहित्यात आपण यापेक्षा चांगलं केलं आहे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र बंगालीतून मराठीत आणले, मधे इंग्रजी ठेवून नव्हे. उमा कुलकर्णींना कन्नड लिपी वाचता येत नव्हती. विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ते ऐकून मराठी करायच्या. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' मराठीत आलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. एक माणूस मोठ्याने वाचतोय आणि दुसरं कान देऊन आपल्या भाषेत लिहितंय. घरात बसून एका भारतीय भाषेतून दुसरीत थेट जाण्याची रीत आपल्याला नवी नाही. 'तमिळ-मराठी येणारी माणसं मिळत नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी ती कुठे शोधली, हे आधी सांगावं. मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबादमध्ये दोन-तीन भाषांत वाढलेली घरं गल्लोगल्ली आहेत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सबटायटल आणि डबिंगचे संवाद लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर यावं, आणि चित्रपटाच्या माहितीतही असावं. अनुवाद कुठल्या भाषेतून केला, तेही नावाखाली लिहावं. 'इंग्रजीवरून' असेल तर तसं लिहायला लाजू नये, वाचणाऱ्याला कळू द्यावं. भारतीय भाषांमधला अनुवाद शक्य तिथे थेट करून घ्यावा, आणि त्याचे पैसे त्या कौशल्याचे द्यावेत. अनुवादकांनी, माझ्यासकट, न येणाऱ्या भाषेचं काम इंग्रजी फाइलवरून घेताना निदान मूळ भाषेच्या माणसाला दाखवल्याशिवाय परत पाठवू नये.

शेवटची मागणी अशा नियतकालिकांकडे. आपण अनुवादित कवितेतल्या एका शब्दावर पानभर लिहितो. या देशातले कितीतरी लोक दुसऱ्या प्रांताची भाषा पुस्तकात नव्हे, रात्री जेवण झाल्यावर पडद्यावर भेटतात. त्या पडद्याखालच्या ओळींची समीक्षा इथे का नको? चित्रपटाबद्दल लिहिताना तो कुठल्या भाषेत ऐकला, कुठल्या भाषेत वाचला आणि वाचलेलं कुणी लिहिलं होतं, एवढ्या तीन गोष्टी परीक्षणात आल्या तरी सुरुवात होईल.

आईने त्या रविवारी शेवटपर्यंत चित्रपट पाहिला. संपल्यावर तिने विचारलं, "याचं मराठी कुणी केलं नाही का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग तू काय करतेस?"