आजीची गोधडी: नुसतं पांघरूण की कलाकृती?

गिरणीतून हजारो साड्या एकसारख्याच निघतात. पण त्याच साड्या जुन्या झाल्यावर बुलढाण्यातल्या घरांत शिवलेल्या दोन गोधड्या कधीच सारख्या नसतात. का? कोणता तुकडा कुठे लावायचा, धावदोरा कसा फिरवायचा, हे शिवणारीच ठरवते. कागदावर डिझाइन नसतं.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय महिलांनीही कामाच्या जुन्या कपड्यांतून अशाच गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये मांडल्या गेल्या, तेही शिवणारीच्या नावानिशी.

माझ्या मते फरक हाताच्या कौशल्यात नाही, नाव लिहिण्यात आहे. आपल्याकडे ती फक्त 'आजीची गोधडी'. दोन पिढ्यांनी कोणती आजी, हेही कुणाला आठवत नाही. म्हणून आजच घरातल्या गोधडीच्या कोपऱ्यात तिचं नाव दोऱ्याने घाला.