शिंगाला बूच कसलं?

मुलांनो, बैलाचं शिंग आतून पोकळ असतं, हे ठाऊक आहे ना? अठराव्या शतकात अमेरिकेतले शेतकरी आणि शिकारी या पोकळीत बंदुकीची दारू ठेवत. शिंग हलकं, त्यातून पाणी झिरपत नाही आणि ठिणगीही पडत नाही. टोकाला बारीक भोक पाडून त्यात लहानसं बूच घालायचं. रुंद तोंडाला मात्र मोठं लाकडी बूच कायमचं बसवायचं. शिंग उकळत्या पाण्यात ठेवलं की थोडं मऊ पडतं. तेवढ्यात बूच दाबून बसवलं, की गार होताना शिंग त्याला घट्ट धरतं. फटीत मधमाशीचं मेण भरायचं.

एवढा खटाटोप कशाला? अहो, दारूला ओल लागली की बंदूक उडत नाही. हरीण पळालं, की घरी सगळे उपाशी!

अशी शिंगं हौसेनं बनवणारी माणसं अमेरिकेत आजही आहेत. बुचासाठी त्यांतले कितीतरी जण जुनं लाकूड शोधतात. मोडक्या टेबलाचा पाय, पाडलेल्या कोठाराची तुळई, काहीही चालतं. जुनं दिसावं म्हणून? तेही आहेच म्हणा. पण खरी गंमत पुढे आहे.

ताज्या लाकडात भरपूर पाणी असतं. सुकताना ते आखडतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही! लांबीत जवळजवळ नाहीच. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त, वर्तुळांना छेद देऊन साधारण त्याच्या निम्मं. म्हणून ओल्या फळीतून गोल कातलेलं बूच काही महिन्यांनी लंबगोल होतं. झाली की फट! जुन्या तुळईचं हे आखडणं कधीच उरकलेलं असतं. हवेतल्या दमटपणानं ती थोडीफार फुगते, पावसाळ्यात आपली दारं फुगतात तशी.

पण जुनं ते सगळंच चांगलं नव्हे, बरं का! खिळ्याचं किंवा किड्याचं एक भोक पुरे, दारू तिथूनच सांडेल. आत खिळा मोडून राहिलाय का, हे लोहचुंबक फिरवून कळतं. रंग दिलेलं लाकूड तर नकोच. जुन्या रंगात शिसं असे. अमेरिकेत घरांसाठी अशा रंगावर १९७८ साली बंदी आली. घासताना ती धूळ पोटात जाते.

आणि चेस्टनट? १९०४ मध्ये न्यूयॉर्कला या झाडांवर एक बुरशी आढळली. पुढच्या चार-पाच दशकांत अब्जावधी झाडं गेली. त्यामुळे अमेरिकन चेस्टनटचं मोठं लाकूड आता बहुतेक जुन्या इमारतींतूनच मिळतं. एवढ्याशा बुचासाठी धडधाकट तुळई कापणं मला काही पटत नाही. सुताराकडे उरलेला तुकडा पुरतो की!

तुम्हीही एक करून बघा. छाटलेल्या ओल्या फांदीची बोटभर जाड चकती मोठ्यांकडून कापून घ्या. वहीत ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा, तारीख लिहा. महिन्यानं तीच चकती त्याच रेघेवर ठेवा. भेग पडली असेल, तर ती काठाकडून आत गेली की मधून बाहेर आली, हेही लिहून ठेवा.