राजभवनाचं घड्याळ

विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपालांना मुदत घालून देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २० नोव्हेंबर २०२५ला, गुरुवारी, सांगितलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी आखून दिलेलं वेळापत्रक मोडीत निघालं. कारण काय, तर सत्ताविभाजन. तत्त्व म्हणून मला ते खोडता येत नाही. पण तीनच दिवसांनी, रविवारी, त्या पहाटेला सहा वर्षं झाली आणि माझं डोकं फिरलं.

२३ नोव्हेंबर २०१९. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही लागली नाही, पंतप्रधानांनी विशेषाधिकार वापरला. आठच्या सुमारास राजभवनावर नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला तेव्हा निम्मा महाराष्ट्र दात घासत होता. सरकार टिकलं जेमतेम ऐंशी तास. राजीनामा आला संविधान दिनी!

त्याच राजभवनात, त्याच राज्यपालांकडे, भगतसिंह कोश्यारींकडे, नोव्हेंबर २०२०मध्ये विधान परिषदेसाठी बारा नावं गेली. मंत्रिमंडळाचा रीतसर ठराव होता. त्यावर ना होकार, ना नकार. म्हणजे पाठीमागे दिल्ली असली की दोन तास पुरतात आणि मुंबईतलं मंत्रिमंडळ असलं की दोन वर्षंही अपुरी. पुढे, ऑक्टोबर २०२४मध्ये, नव्या राज्यपालांच्या काळात त्याच बारा जागांपैकी सातांवर आमदारांनी शपथ घेतली ती निवडणूक जाहीर होण्याच्या अवघ्या काही तास आधी. तेव्हाही घड्याळ चोख चाललं.

आता केंद्र-राज्य संबंधांवरचा सरकारिया आयोग येणार, हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेलच. सक्रिय राजकारणातला माणूस राज्यपाल नेमू नका, हे १९८८च्या त्या अहवालात आहे. त्याची प्रत मलबार हिलवरच्या राजभवनात कुणी कधी उघडली असेल, असं मला वाटत नाही. पुरावा नाही, पण पैज लावायला तयार आहे.

प्रदीर्घ आणि कारण न देता दिरंगाई झाली तर न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकेल, एवढी फट त्या पाच न्यायमूर्तींनी ठेवली आहे. आम्ही ती आधीच वापरून बसलोय. राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण आठ महिने पुरेसे आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये बजावलं होतं. त्यानंतरही यादी वर्षभर तिथेच पडून राहिली. सप्टेंबर २०२२मध्ये ती परत घेतली गेली, तीसुद्धा सरकार बदलल्यावर, नव्या सरकारने.