सायबर सुरक्षा आणि मराठीचा तास

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. कला शाखेच्या महाविद्यालयात हा विषय निघाला की सगळ्या माना संगणक विभागाकडे वळतात. हे काम प्रथम भाषेच्या शिक्षकांचे आहे, असे आमचे मत आहे.

उंब्रजजवळच्या एका खेड्यातला, बी. ए. तृतीय वर्षाचा आमचा एक विद्यार्थी. मित्राच्या ओळखीतल्या कुणाला तरी त्याने आपले बँकखाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दोन हजार रुपयांवर वापरायला दिले. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरला, खाते गोठवले गेले, परराज्यातील पोलिसांची नोटीस घरी आली. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात यायची. 'सर, मी फक्त खातं भाड्यानं दिलं होतं,' एवढेच तो सांगत राहिला. आमच्याकडे खोली भाड्याने देतात, ट्रॅक्टर देतात. त्या सवयीच्या शब्दाने गुन्ह्याला घरगुती रूप आले होते. पासवर्ड कसा असावा हे या मुलाला उत्तम ठाऊक होते. समोरच्याने हाच शब्द का योजला, हे विचारण्याची सवय मात्र त्याला नव्हती. आणि ती लावणे, निदान कागदोपत्री, आमच्याकडेच होते.

'डिजिटल अरेस्ट'चेही तेच. कायद्यात अशी अटक नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावे लागले. शब्द आहे, पण त्याने दाखवावी अशी गोष्टच अस्तित्वात नाही. पूर्वी सुगीनंतर गावात बहुरूपी यायचा. खाकी पोशाख, हातात छडी, आणि 'तुमच्या नावाचं वॉरंट आहे' म्हणत दारात उभा. आजी हसायची आणि सुपातून दाणे घालायची, कारण हे सोंग आहे हा संकेत दोघांनाही मान्य होता. व्हिडिओ कॉलवरच्या फौजदाराने तो संकेतच मोडला. तोंडी कलमांचे आकडे, दरडावणीची हिंदी, आणि मुख्य म्हणजे 'घरात कुणाला सांगायचं नाही' ही ताकीद. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे आम्ही कादंबरी शिकवताना मुलांकडून घोकून घेतो. फोनवरच्या निवेदकाविषयी मात्र अवाक्षर काढत नाही! 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' या वाक्यातले क्रियापदच खोटे आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

यावर स्वतंत्र सक्तीचा पेपर हा उपाय सुचवला जातो. पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपराचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे: एकाचा प्रकल्प साऱ्या वर्गाने उतरवायचा, आणि निकाल शंभर टक्के. 'फिशिंग म्हणजे काय? (गुण २)' याने कुणाची फसवणूक टळेल असे वाटत नाही. दुहेरी पडताळणी, ॲपला द्यायच्या परवानग्या हे तांत्रिक भाग संगणकाच्या सहकाऱ्यांनी दोनतीन तासांत जरूर शिकवावेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, हेही तिथेच सांगून टाकावे. त्याबद्दल वाद नाही.

व्यावहारिक मराठीत आम्ही अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरात शिकवतो. यंदा एका तासाला मुलांना घरी आलेले फसवे संदेश वहीत उतरवून आणायला सांगितले. चाळीसपैकी एकतीस वह्या भरून आल्या. त्यांतले सात संदेश खरे, बँकेनेच पाठवलेले होते, आणि ते वेगळे काढताना आम्हीही दोनदा चुकलो.