गोळी कोणी लिहावी, आणि हिशेब कोणी ठेवावा?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. कारण होते सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ठराविक ॲलोपॅथी औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये त्यांची नोंदणी सुरू व्हायची होती. विरोध झाला, ती थांबली. सप्टेंबरमध्ये सरकारने नोंदणीचा आदेश पुन्हा काढला आणि डॉक्टर रस्त्यावर आले. वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला आहे.

हैदराबादेत राहून आपल्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील, काका, मावश्या लातूर, नांदेड, परभणीकडे आहेत. शिवाय दोन-तीन पॅथींची औषधे एकाच डब्यात ठेवणारी घरे आपल्या मंडळातही भरपूर आहेत. म्हणून हा विषय थोडा नीट समजून घेऊ.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

ॲलोपॅथी डॉक्टरांचे म्हणणे असे की, साडेपाच वर्षांचे शिक्षण एका वर्षात उरकता येत नाही. प्रतिजैविक किंवा स्टिरॉइड चुकीचे दिले तर भोगावे रुग्णालाच लागते. दुसरी बाजू सांगते की, खेड्यात एमबीबीएस डॉक्टर टिकत नाही. तिथे रात्री ताप आलेल्या मुलाला बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरच पाहतो. तो ॲलोपॅथी औषधे देतोच आहे, मग निदान शिकून द्यावीत.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सांगितले की, अशी परवानगी राज्य सरकारच्या कायद्यावर अवलंबून राहील. त्यामुळे महाराष्ट्रात चालते ते तेलंगणात चालेलच असे नाही. केंद्राने २०१७ च्या मेडिकल कमिशन विधेयकात ब्रिज कोर्सची तरतूद आणली होती, ती २०१८ मध्ये विरोधामुळे वगळली. २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना ५८ शस्त्रक्रियांची यादी दिली, तेव्हाही संप झाला. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी भांडण एकच: गोळी कोणी लिहायची?

आम्हाला वाटते, घरातल्या माणसासाठी प्रश्न वेगळा आहे. सगळ्या गोळ्या एकत्र कोण पाहतो?

आपल्या शहराचे चित्र

पर्यायांच्या बाबतीत हैदराबाद श्रीमंत आहे. चारमिनारला लागून सरकारी युनानी रुग्णालय आहे. एर्रागड्ड्याला सरकारी आयुर्वेद रुग्णालय आहे, आणि तिथेच त्वचारोगांसाठी युनानीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. कोडासाठी लोक तिथे लांबून येतात. अमीरपेठेला निसर्गोपचार रुग्णालय आहे. २०१८ पासून वस्त्यावस्त्यांत बस्ती दवाखाने निघाले. तिथे डॉक्टर, औषधे आणि रक्ततपासणी मोफत मिळते. मृग लागला की नामपल्लीच्या नुमाईश मैदानावर दम्यासाठी मासळीच्या प्रसादाची रांग असतेच.

पण या सगळ्यांच्या वह्या वेगवेगळ्या आहेत. बस्ती दवाखान्यातल्या डॉक्टरला युनानीचा हकीम काय देतो ते माहीत नसते, आणि हकिमाला रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे ते कळत नाही. बँकेत दोन वह्यांचा ताळमेळ बसल्याशिवाय आम्ही दिवस बंद करत नसू. शरीराच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे ताळमेळच होत नाही.

जमा बाजू

एकत्रित उपचार म्हणजे भोंदूपणा नव्हे. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये आधी व्यायाम, योग, ॲक्युपंक्चर असे उपाय करून पाहा, गोळ्या नंतर, असा सल्ला दिला. बद्धकोष्ठतेवर इसबगोल ॲलोपॅथी डॉक्टरही देतात. सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांवर तपासली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा जगाने दखल घेतली. जुने औषध, पण मोजून पाहिलेले. आमच्या मते खरा समन्वय तो हाच.

नावे बाजू

‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार?’ हे वाक्य मात्र महागात पडू शकते.

ज्येष्ठमध घशाला बरा, पण रोजच्या काढ्यात भरपूर गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाबाची गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर डोस वाढवतो, आणि काढ्याचे नाव कोणी काढत नाही. मेथी, कारले आणि मधुमेहाच्या काही गोळ्या एकत्र आल्या तर साखर एकदम खाली जाऊ शकते. इसबगोल थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतले तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर लागते. कोरोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. पण यकृताचा त्रास असलेल्याने विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही. २००८ मध्ये जामा या नियतकालिकात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी छापून आली. सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

जाहिरातींबद्दल एवढेच की, १९५४ च्या कायद्याने मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर औषधाची जाहिरात करण्यास बंदी आहे. २०२४ मध्ये पतंजलीला याच विषयात सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. म्हणून ‘साखर मुळापासून बरी’ असा फलक दिसला, की तिथेच सावध व्हावे.

घरात करण्यासारखे

प्रत्येक ज्येष्ठाच्या नावाने एक वही करावी. सकाळी, दुपारी, रात्री काय काय पोटात जाते ते सर्व लिहावे: गोळी, चूर्ण, काढा, साबुदाण्यासारख्या होमिओपॅथीच्या गोळ्या, नातवाने अमेरिकेतून आणलेले व्हिटॅमिनसुद्धा. कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरकडे जाताना ती वही पुढे ठेवावी. जो डॉक्टर ती पाहायला तयार नसेल, त्याच्याबद्दल फेरविचार करावा.

चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये, विशेषतः इन्सुलिन, दम्याचा पंप, रक्त पातळ करणारी आणि फिटची. मासळीचा प्रसाद श्रद्धेने जरूर घ्यावा, पण पंप खिशात असू द्यावा. नवे औषध सुरू केल्यावर साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन तपासून आकडे त्याच वहीत मांडावेत. औषधावर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक नसेल तर ते घेऊ नये.

विम्याचेही पाहून घ्या. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने आयुष उपचारांना इतर उपचारांइतकेच स्थान देण्यास कंपन्यांना सांगितले आहे. पंचकर्मासाठी दाखल होण्याआधी रुग्णालय नोंदणीकृत आहे का आणि आपली पॉलिसी नेमके काय देते, हे लेखी विचारून घ्यावे.

महाराष्ट्रातला वाद न्यायालय आणि सरकार कधीतरी मिटवील. तोवर आपल्या घरातला ताळमेळ आपणच बसवायचा आहे. मंडळाच्या पुढच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात सर्वांनी आपापल्या औषधांचा डबा बरोबर आणावा, आणि सभासदांपैकी ॲलोपॅथी व आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी एका टेबलावर बसून तो पाहावा, असे आम्ही सुचवतो.